कोलस्लॉला पाणी सुटतंय? मेयो वाढवू नका, आधी कोबीकडे बघा

क्रीमी कोलस्लॉ, म्हणजे मेयोनीज (मेयो) घालून कालवलेलं कोबीचं सॅलड, करताना एकदम मस्त घट्ट होतं, चव पण जमलेली असते, झाकण लावून फ्रीजमध्ये ठेवतो आणि दीड तासाने उघडतो तर तळाला पांढरट पाणी आणि वर ओला मलूल कोबी. ज्यांना हा प्रॉब्लेम एकदा आलाय त्यांना तो दर वेळी येतो, कारण पुढच्या वेळी आपण उपाय भलतीकडेच करतो. मी सलग तीन उन्हाळे हेच केलं म्हणून सविस्तर लिहितेय.

आम्ही नॉर्थ कॅरोलायनात राहतो, रॅलेच्या जवळ. इथे उन्हाळ्यात कुठल्याही पिकनिकला गेलात की टेबलावर तीन गोष्टी असणारच, बार्बेक्यूचं पोर्क नाहीतर फ्राइड चिकन, बीन्स आणि कोलस्लॉ. मंडळाची चार जुलैची पॉटलक (प्रत्येकाने घरून एक पदार्थ आणायचा असं जेवण) होती आणि मी हौसेने म्हटलं कोलस्लॉ मी आणते, त्यात काय आहे, चिरा आणि कालवा. सकाळी नऊला कालवून ठेवलं, दीड वाजता पार्कमध्ये झाकण उघडलं. एकाने डावाने वाढून घेतलं आणि ते पाणी त्याच्या प्लेटमधून सरळ शेजारच्या बर्गरच्या बनखाली गेलं. बन खालून गळून पडला. तो बिचारा काही बोलला नाही, पण मला दिसलं ना.

मग पुढच्या वेळी मी ड्रेसिंग घट्ट केलं. बटरमिल्क काढून टाकलं, मेयो वाढवलं. तरी पाणी. त्याच्या पुढच्या वेळी सावर क्रीम घातलं. आणखी पाणी, आणि वर ते जडही झालं. तीन वेळा मी बाटल्या बदलल्या, पण कोबीकडे एकदाही बघितलं नाही. आणि गंमत म्हणजे हे मला लहानपणापासून माहीत होतं! काकडीच्या कोशिंबिरीत मीठ आयत्या वेळी घालायचं, पानं वाढायला घेतल्यावर, आधी घातलंस तर पाणी सुटेल, हे आईने शंभरदा सांगितलेलं. पण रेसिपी इंग्लिशमध्ये आणि कपाच्या मापात असली की डोकं असं समजतं की हा काहीतरी वेगळा पदार्थ आहे, आपल्या घरचे नियम इथे लागू नाहीत. नावसुद्धा साधं आहे हो, डच भाषेत कोल म्हणजे कोबी आणि स्ला म्हणजे सॅलड. कोबीची कोशिंबीरच की ही.

तर आता कारण. कोबी वजनाने साधारण ९२ टक्के पाणीच असतो. म्हणजे किलोभर गड्ड्यात नऊशे ग्रॅमच्या वर पाणी, फक्त ते पेशींमध्ये बंद असतं म्हणून आपल्याला कोबी कोरडा वाटतो. त्यावर मीठ पडलं की ते पाणी बाहेर ओढलं जातं, हे सगळ्यांना माहीत आहे. जे लक्षात येत नाही ते म्हणजे साखरसुद्धा तेच काम करते. आणि सदर्न, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या, पद्धतीचं स्लॉ गोडसरच असतं, त्यात साखर चांगली दोन-चार मोठे चमचे जाते, म्हणजे एकाच ड्रेसिंगमध्ये मीठ पण आहे, साखर पण आहे, व्हिनेगर पण आहे आणि आपण ते कोबीला चोपडून चार तास ठेवून देतो. पाणी सुटेल नाहीतर काय होईल. मेयो म्हणजे तरी काय, थोड्याशा पाण्यात तेलाचे अगदी बारीक थेंब अंड्याच्या बलकाने धरून ठेवलेले. अमेरिकेत ज्या बरणीवर मेयोनीज असं लिहायचं त्यात वजनाने कमीत कमी ६५ टक्के तेल असावंच लागतं. त्या घट्ट मिश्रणात कोबीचं अर्धा-पाऊण कप पाणी मिसळलं की ते पातळ होणारच. मेयो फाटलेलं नसतं, नुसतं पातळ झालेलं असतं. हा फरक पुढे उपयोगी पडतो.

पाणी नक्की कुठून आलं हे ते कधी आणि कसं दिसतं त्यावरून कळतं. कालवल्या कालवल्याच पातळ वाटलं तर कोबी धुऊन नीट कोरडा केलेला नाही, किंवा बटरमिल्क जास्त झालं, किंवा बटरमिल्कच्या जागी तुम्ही घरचं ताक घातलंत (इथलं विकतचं बटरमिल्क बरंच दाट असतं, आपल्या ताकात निम्म्याहून जास्त पाणीच). अर्ध्या-एक तासात तळाला दुधासारखं पाणी जमलं तर ते मीठ-साखरेचं काम, म्हणजे आपला मुख्य प्रॉब्लेम हाच. दुसऱ्या दिवशी सकाळी थोडं पाणी दिसलं तर तो प्रॉब्लेमच नाही, ते होतंच, सोडून द्या. आणि पाण्यावर तेलाचे डोळे तरंगताना दिसले, स्लॉ चिकट-तेलकट लागलं, तर मेयो खरंच फुटलंय, बहुतेक डबा फ्रीजच्या मागच्या भिंतीला टेकून गोठला असेल. हे मात्र परत जुळत नाही. गोठल्यावर कोबीच्या पेशी पण फुटतात, त्यामुळे तो कोबीही गेला. कोलस्लॉ फ्रीजरमध्ये ठेवायचा विचार कोणी करत असेल तर करू नका.

आता चिरण्याबद्दल, कारण निम्मा खेळ तिथेच आहे. माझ्याकडे फूड प्रोसेसर आहे म्हणून मी पहिली दोन वर्षं त्यात कोबी घालून गरगर फिरवत होते. त्या पात्याने कोबी चिरला जात नाही, ठेचला जातो. किसणीवर पण तसंच. हातात घेऊन बघा ना, किसलेला कोबी लगेच ओला लागतो आणि धारदार सुरीने चिरलेला कोरडा, कुरकुरीत लागतो. फास्टफूडवाल्यांच्या स्टाइलचं अगदी तांदळाच्या कण्यांसारखं बारीक स्लॉ आवडत असेल तर ते सुरीनेच करा, आधी लांब पातळ चिरायचं आणि मग त्या चळतीवर आडवी सुरी चालवायची. ज्यांच्याकडे विळी आहे त्यांना तर मी काही सांगायलाच नको, विळीवर पचडीसाठी चिरतो तसा कोबी म्हणजे बेस्ट. गाजर मात्र किसावंच लागतं, पण ते थोडंच असतं, जाड किसणीने किसा. आणि दांड्याचा मधला जाड भाग काढून टाका, तो नीट चावला जात नाही.

कोबी कुठला? साधा हिरवा, घट्ट गड्डा, हातात घेतला की आकाराच्या मानाने जड वाटेल असा. नापा कोबी घेऊ नका, तो लांबट मऊ पानांचा असतो, त्याला फार पाणी सुटतं. दुकानात चिरलेल्या कोलस्लॉ मिक्सची पिशवी मिळते, घाईच्या वेळी मी पण आणते, फक्त पिशवीच्या तळाला पाणी जमलेलं नाही ना ते उचलून बघायचं.

उपाय दोन आहेत. दोन्ही चालतात, पण दोन्ही अर्धे-अर्धे करून चालत नाहीत.

पहिला, पाणी आधीच काढून टाकायचं. मध्यम गड्डा, चिरून साधारण नऊशे ग्रॅम भरतो. त्याला दीड छोटा चमचा साधं बारीक मीठ आणि एक मोठा चमचा साखर लावायची, हाताने हलकं चोळायचं, पचडीला चुरडतो तेवढं जोरात नाही. चाळणीत घालून खाली पातेलं, वर एक ताटली आणि ताटलीवर डब्याचं वजन. एक ते दीड तास. मग मूठ मूठ घेऊन पिळायचं आणि स्वच्छ पंचावर पसरून टिपून घ्यायचं. चक्का बांधतो त्या मलमलच्या फडक्यात घालून पिळलंत तरी चालेल, पण अगदी कोरडा ठक्क करू नका, नाहीतर दोरे चावल्यासारखं लागतं. मी एकदा मापून बघितलं, खालच्या पातेल्यात अर्ध्या कपाहून जास्त पाणी आलं होतं, आणि पिळल्यावर आणखी. म्हणजे हे सगळं पाणी आधी माझ्या मेयोमध्ये जात होतं! कोबी निम्म्यावर आल्यासारखा दिसतो, घाबरू नका, वाकतो पण अजून कुरकुरीत असतो. चाखून बघा, खारट वाटला तर एकदा थंड पाण्याखालून काढून परत नीट पिळा.

मिठाचा एक घोळ इथे होतो तो सांगते. अमेरिकन रेसिपीत बऱ्याचदा कोशर सॉल्ट असतं, त्याचे कण मोठे असतात आणि एका छोट्या चमच्यात ब्रँडप्रमाणे तीन ते पाच ग्रॅमच बसतं. आपलं बारीक मीठ तेवढ्याच चमच्यात सहा ग्रॅम बसतं. रेसिपीत एक मोठा चमचा कोशर लिहिलंय म्हणून तुम्ही टाटाच्या मिठाचा मोठा चमचा घातलात तर ते स्लॉ कोणी खाणार नाही. वर मी जे माप दिलंय ते बारीक मिठाचं आहे.

ड्रेसिंग: पाऊण कप मेयो, दोन मोठे चमचे ॲपल सायडर व्हिनेगर, दोन मोठे चमचे साखर, एक छोटा चमचा पिवळी मस्टर्ड, अर्धा छोटा चमचा सेलेरी सीड, मिरपूड. हवं असेल तर दोन मोठे चमचे बटरमिल्क. मीठ अजिबात नाही, कोबीत आहे. साखर व्हिनेगरमध्ये पूर्ण विरघळवून मग मेयो घाला, नाहीतर दाताखाली कचकच येते. सेलेरी सीड नसेल तर नुसतं सोडून द्या, त्याच्या जागी ओवा घालू नका, दिसायला जवळपास सारखा असला तरी ओवा सगळी चव खाऊन टाकतो (घालून बघितलाय, भज्यांचा वास येतो). निम्मं ड्रेसिंग आधी घाला, कालवा, मग बघून उरलेलं. पिळलेल्या कोबीला आपल्याला वाटतं त्यापेक्षा कमी लागतं. मग तासभर फ्रीजमध्ये, म्हणजे चव मुरते.

दुसरा उपाय म्हणजे आपला आयत्या वेळेचा. कोबी-गाजर चिरून, कोरडं करून, झिपच्या पिशवीत पेपर टॉवेलसोबत. ड्रेसिंग वेगळ्या बरणीत. खायच्या अर्धा तास आधी कालवायचं, बास. हे स्लॉ जास्त करकरीत लागतं आणि मला स्वतःला हेच आवडतं, पण पार्कमध्ये पोरं इकडे-तिकडे पळतायत आणि कोणीतरी विचारतंय बर्फ कुठेय, त्यात उभं राहून कालवायचं म्हणजे वैताग. म्हणून घरी पाहुणे असतील तर दुसरा, बाहेर न्यायचं असेल तर पहिला. सकाळी अर्धवट मीठ लावून, न पिळता, वरून ड्रेसिंग ओतणं हा जो तिसरा मार्ग मी शोधला होता तो घेऊ नका.

मेयोबद्दल थोडं, कारण इकडच्या लोकांसाठी हा जवळजवळ धर्माचा विषय आहे. साउथमध्ये ड्यूक्सचं नाव घेतात. यूजेनिया ड्यूक नावाच्या बाईंनी १९१७ मध्ये साउथ कॅरोलायनातल्या ग्रीनव्हिलमध्ये सैनिकांसाठी सँडविच करून विकायला सुरुवात केली, त्या सँडविचमधलं मेयो लोकांना इतकं आवडलं की पुढे तेच बाटलीत आलं. त्यात साखर नसते, आणि आपल्या कामाचा मुद्दा तोच आहे, गोडी किती हे तुमच्या हातात राहतं. मेयोच्या शेजारीच सॅलड ड्रेसिंग म्हणून अगदी तशाच दिसणाऱ्या बरण्या असतात, त्यात तेल कमी आणि गोडवा जास्त असतो, घाईत तीच उचलली जाते. लाइट मेयोत पाणी आणि स्टार्च जास्त, त्यावर आणखी पाणी सुटलं की गिळगिळीत होतं. भारतात करणार असाल तर तिथलं व्हेज मेयो बहुतेक वेळा आधीच गोड असतं, तेव्हा ड्रेसिंगमधली साखर निम्मी करा आणि व्हिनेगर चाखत चाखत वाढवा, आणि पाकिटावर तेलाचं प्रमाण वाचून त्यातल्या त्यात जास्त तेलाचं घ्या. निम्मं मेयो आणि निम्मा चक्का असं पण छान होतं, फक्त चक्का घट्ट बांधलेला हवा, नुसतं दही नाही. आणि मंडळात नेणार असाल तर डब्यावर अंडं आहे की नाही ते लिहा, आमच्याकडे त्यावरून एकदा चांगलंच रामायण झालंय.

आता समजा सगळं करून झालंय, पाहुणे दारात आहेत आणि पाणी सुटलंच. आमच्या शेजारी एक आजी राहतात, जन्म इथलाच, त्यांना मी एकदा रडवेल्या तोंडाने बाऊल दाखवला. त्यांनी काही विचारलं नाही. एका हाताने बाऊल सिंकवर तिरका केला, दुसऱ्या हाताने वर ताटली दाबून धरली, सगळं पाणी एका कडेला जमेपर्यंत थांबल्या आणि हळूच ओतून टाकलं. मग माझ्याच बरणीतलं मेयो दोन चमचे, व्हिनेगरचा एक शिडकावा, दोनदा खालून वर, झालं. पाण्याबरोबर आंबटपणा आणि गोडी पण निघून जाते ना, म्हणून व्हिनेगर, आणि चाखून चिमूटभर साखर. मग त्यांनी त्यांच्या ड्रॉवरमधून भोकाचा चमचा आणून दिला आणि म्हणाल्या याने वाढ. म्हणजे झाराच! इतकी वर्षं मी डावाने वाढत होते.

सासूबाईंचा उपाय वेगळा, त्या म्हणाल्या अगं दाण्याचं कूट घाल मूठभर, पाणी पिऊन टाकेल. चूक काहीच नाही, कूट पाणी शोषतं आणि लागतं पण छान, पण मग ती पचडी झाली, आणि इथे पॉटलकला न सांगता शेंगदाणे नेणं म्हणजे खरंच धोका, किती मुलांना ॲलर्जी असते. घरी खुशाल घाला. कॉर्नफ्लोर मात्र घालू नका, कच्चं घट्ट होत नाही आणि पिठूळ लागतं.

बाकीच्या तक्रारी पटकन. उग्र वास येतोय: कोबी चिरला की त्यातून मोहरीसारखी झणझणीत द्रव्यं तयार होतात, चिरून अर्धा तास बर्फाच्या पाण्यात ठेवा, कमी होतो, पण नंतर सॅलड स्पिनरमध्ये (गरगर फिरवून पाणी काढणाऱ्या जाळीच्या भांड्यात) किंवा पंचात अगदी कोरडा करा नाहीतर परत पहिल्यापासून सुरू. सगळं गुलाबी झालं: लाल कोबीचा रंग पाण्यात उतरतो, लाल कोबी घालायचाच असेल तर मूठभर, आणि तो शेवटी. नुसतं गोड-गोड लागतंय: साखर कमी करण्याआधी व्हिनेगर एक चमचा वाढवून बघा.

उन्हाचं तेवढं लक्षात ठेवा. कालवलेलं स्लॉ बाहेर दोन तासांच्या वर ठेवायचं नाही, आणि ३२ डिग्री सेल्सियसच्या वर तापलं असेल तर एकच तास, इथल्या जुलैत तर ते रोजचंच. मोठ्या परातीत बर्फ घालून त्यात बाऊल ठेवा. नाहीतर सरळ लेक्सिंग्टनचं लाल स्लॉ करा, ते पण नॉर्थ कॅरोलायनाचंच, त्यात मेयो नाहीच, केचप, व्हिनेगर, साखर आणि तिखट, पोर्कबरोबर खातात. त्याला पाणी सुटलं तरी कोणी नाव ठेवत नाही, कारण ते मुळात रसदारच असतं. क्रीमीच्या नादात मला ते इतकी वर्षं सुचलंच नाही.

आणि हो, पिळून निघालेलं ते कपभर पाणी फेकू नका. दुधीचं पाणी वापरतो तसं त्यात कणीक भिजवा, पराठे मऊ होतात. फक्त त्या कणकेत वेगळं मीठ घालू नका, मी एकदा घातलं होतं.